आपला लाडका फुकट्या

टॅबलेट खोक्यातून बाहेर निघाला तेव्हा लाँड्रीतल्या सगळ्यांचं मनातल्या मनात एकमत झालं, की यापेक्षा खोकं बरं होतं. पण बोलून दाखवायची हिंमत फक्त लाँड्रीवाल्याच्या बायकोत होती.

"हा एवढाच?"

"ताई, दिसण्यावर जाऊ नकोस," तिचा भाऊ म्हणाला. हा भाऊ कॉलेजात संगणक शिकवायचा आणि कॉलेजात कुणी ऐकत नसे म्हणून उरलेलं सगळं बहिणीच्या घरी येऊन शिकवायचा. "हा मुक्त सॉफ्टवेअरचा टॅबलेट आहे. यातलं सगळं खुलं. कुणीही उघडावं, बघावं, सुधारावं. कुणा एका कंपनीची मालकी नाही, म्हणून तर इतका स्वस्त मिळाला."

"यात कॅमेरा आहे?"

"आहे ना! फक्त तो चालवणारा प्रोग्रॅम अजून कुणी लिहिलेला नाही."

"आणि वायफाय?"

"तेही आहे. त्याचंही लिहायचं चाललंय. जगभरची माणसं हौसेने लिहितात गं. लिहील कुणीतरी."

"म्हणजे तू बिनबाह्यांचा शर्ट आणलास," बहीण म्हणाली, "आणि बाह्या कुणीतरी हौसेने शिवून देईल म्हणतोस."

लाँड्रीवाल्याने दोघांचं भांडण लागू नये म्हणून घाईघाईने पडद्यावर बोट ठेवलं. बोट ठेवलं एका चौकोनावर आणि उघडला त्याच्या डावीकडचा. पुन्हा ठेवलं, पुन्हा डावीकडचा.

"हो, ते स्पर्शाचं थोडं बोटभर डावीकडे लागतं," मेहुणा म्हणाला. "पण त्याचंही कुणीतरी—"

"लिहील. कळलं," बहीण म्हणाली आणि इस्त्रीकडे वळली.

आता असल्या लंगड्या वस्तूची लाँड्रीवाल्याला गरज काय पडली होती, तेही सांगायला हवं. दुकानाची जागा भाड्याची आणि करार शनिवारी संपणार. जागामालक दर आठवड्याला कपड्यांचं गाठोडं काउंटरवर टाकून जायचा, परीटघडीचे कपडे घेऊन जायचा आणि पैशाचा विषय निघण्याआधी हवामानाचा विषय काढायचा. इतक्या वर्षांत हवामानावर त्यांचं पुष्कळ बोलणं झालं होतं. मागच्या आठवड्यात मात्र तो चारी भिंतींकडे बघून नाक मुरडत म्हणाला होता, "तुमचं दुकान फार जुनाट वाटतं हो. समोर केकवाल्याने बघा कसं सगळं काचेचं केलंय. मोबाइलची कव्हरं विकणारा एक जण ही जागा मागतोय. शनिवारी येतो करार घेऊन. बघू."

जागामालकाच्या तोंडून 'बघू' ऐकायची वेळ ज्याच्यावर आली असेल, त्यालाच लाँड्रीवाल्याची त्या दिवसापासूनची झोप कळेल. बापापासून चाललेलं दुकान. या गल्लीतून उठलं की गिऱ्हाईकही उठलं आणि गिऱ्हाईक उठलं की संपलंच सगळं. तेव्हा शनिवारच्या आत दुकान आधुनिक दिसलं पाहिजे आणि तेही खिशाला परवडून, असा पेच होता. त्या पेचातून हा टॅबलेट निघाला.

दुसरीही एक अडचण होती. या दुकानात आजवर कुणाचं नाव म्हणून कधी लिहिलं गेलं नव्हतं. लाँड्रीवाल्याची आई काउंटरमागच्या स्टुलावर बसायची, आलेले कपडे उलटेपालटे करून बघायची आणि गिऱ्हाइकाला एक खूण देऊन टाकायची. ती खूण कापडाच्या चिंधीवर न पुसणाऱ्या शाईने लिहून कॉलरच्या आत टाचली जायची आणि कपडे परत देताना काढून घेतली जायची, म्हणजे गिऱ्हाइकाला पत्ताच नाही. दातांच्या डॉक्टरांच्या शर्टाची पोटावरची बटणं कायम तुटलेली, म्हणून ते 'बटणतोड्या'. गाण्याच्या बाई चहा पिण्यापेक्षा अंगावर जास्त घ्यायच्या, म्हणून त्या 'सांडासांड'. आणि जागामालक कोण, ते काही वेगळं सांगायला नको. तो 'फुकट्या'.

हे सगळं तोंडपाठ होतं ते एकट्या आईला. मागे ती मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेली तेव्हा डॉक्टरांची पँट पोस्टमनच्या घरी गेली आणि पोस्टमन ती घालून डॉक्टरांकडेच दात दाखवायला गेला. तो प्रसंग फार नाजूक होता.

"तर हे सगळं आता यात भरायचं," मेहुणा म्हणाला. "प्रोग्रॅमही फुकट मिळालाय. कुणा गुरांच्या डॉक्टरने आपल्या दवाखान्यासाठी लिहिला आणि जगाला देऊन टाकला. कुणा भल्या माणसाने तो आपल्या भाषेतही केलाय."

"गुरांच्या डॉक्टरने?" लाँड्रीवाला दचकला. "अरे, माझी लाँड्री आहे!"

"भाऊजी, विचार करा. तिथे जनावर येतं, काही दिवस राहतं, साफसूफ होऊन घरी जातं. इथे वेगळं काय होतं? मी 'जनावराचे नाव' काढून तिथे 'खूण' लिहिलं. 'पालकाचे नाव' काढून 'गिऱ्हाईक' लिहिलं. 'जात' होतं तिथे 'सुती की रेशमी' लिहिलं. मुक्त सॉफ्टवेअरची हीच तर गंमत आहे."

वायफाय नव्हतं, म्हणून त्याने लाँड्रीवाल्याचा फोन वायरने टॅबलेटला बांधून टाकला. टॅबलेटने हुकूम सोडायचा आणि फोनवरून गिऱ्हाइकाला संदेश जायचा, अशी व्यवस्था. पण संदेश पाठवण्याचं सध्या नको, आधी सगळं भरून होऊ दे, असं ठरलं.

भरायला बसली आई. "दुसऱ्या कुणाचं काम नाही ते," ती म्हणाली, "तुम्ही पुन्हा पोस्टमनला पँट द्याल." लाँड्रीवाल्याला वाटलं होतं ती दोन मिनिटांत कंटाळेल. पण म्हातारी भलती हिकमती निघाली. बोट डावीकडे लागतं काय, मग आपणच ते उजवीकडे ठेवायचं! 'जपून ठेवा' हे बटण दाबायचं असलं की ती बेधडक त्याच्या उजवीकडच्या बटणावर बोट ठेवायची आणि बरोबर 'जपून ठेवा' दाबलं जायचं. दोन दिवसांत तिचा हात असा बसला, की सुनेने एकदा सरळ बोट ठेवलेलं बघून ती म्हणाली, "अगं, अशी नाकासमोर काय चालतेस? जरा उजवीकडे जा."

लाँड्रीवाल्याने फक्त एकदाच हटकलं. "आई, जागामालकांचं नीट लिहिलंयस ना?"

"गिऱ्हाईक आहे तिथे 'जागामालक' लिहिलंय."

"आणि खूण?"

"खुणेच्या जागी खूण लिहिली. नाहीतर त्याचे कपडे ओळखू कशावरून? एरवी दुसऱ्याला कुठे दिसतेय ती!"

ते त्याला पटलं. नको तेव्हा पटायची त्याला सवयच होती.

शनिवारी सकाळी मेहुणा धावत आला. चेहरा असा उजळलेला, की बहिणीला वाटलं याचं लग्नबिग्न ठरलं. "ताई, लिहिलं! कुणीतरी लिहिलं! डावीकडे लागायचं ते दुरुस्त झालं!" आणि कुणी हो-नाही म्हणायच्या आत त्याने टॅबलेटमध्ये ती दुरुस्ती घालूनही टाकली. आई तेव्हा मागे शर्टांना पाणी मारत होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. चांगली बातमी आहे, सांगायची काय घाई, असं प्रत्येकाला वाटलं असणार.

आई हात पुसत काउंटरवर आली. एक नवं गिऱ्हाईक आलं होतं, त्याची खूण तिने 'वाळूचे खिसे' अशी लिहिली आणि 'जपून ठेवा'साठी सवयीने उजवीकडच्या बटणावर बोट ठेवलं.

त्या बटणावर लिहिलं होतं, 'सर्वांना कळवा'.

वायरने बांधलेला फोन थरथरला. मग पुन्हा थरथरला. मग तो थांबेचना, थरथरत थरथरत काउंटरच्या कडेपर्यंत गेला. मेहुण्याने झेप घेऊन वायर उपटली, तोवर फोनवर एकाखाली एक 'पाठवले', 'पाठवले' अशी रांग लागली होती.

"काय पाठवलं?" लाँड्रीवाल्याने विचारलं.

मेहुण्याने बघितलं आणि तो खालीच बसला. "भाऊजी, मी पडद्यावरचे शब्द सगळे बदलले होते. पण संदेश वेगळीकडे ठेवलेले असतात. ते बदलायचे राहिले."

"वाच."

"'प्रिय पालक, आपला लाडका बटणतोड्या आता पूर्ण बरा झाला असून त्याला घरी न्यावे. दोन दिवस आंघोळ घालू नये. चाटल्यास काळजी करू नये, चावल्यास ताबडतोब कळवावे.'"

लाँड्रीवाल्याच्या बायकोने इस्त्री उभी करून ठेवली. अशा वेळी हातात गरम वस्तू नको, एवढी समज तिला होती.

"सगळ्यांना गेलं?" लाँड्रीवाल्याने विचारलं. "जागामालकांनाही?"

"सगळ्यांना."

"मेलो! आज करार आहे रे!"

पहिले आले दातांचे डॉक्टर, दवाखाना अर्धवट टाकून. "हा बटणतोड्या कोण? मी?" त्यांनी तावातावाने विचारलं आणि त्या आवेशात पोटावरचं एक बटण तुटून काउंटरवर पडलं. आईने ते शांतपणे उचलून बरणीत टाकलं. डॉक्टरांचा आवाज एकदम खाली आला. "बरं, ते जाऊ दे. पण चावल्यास कळवावे म्हणजे काय? दातांच्या डॉक्टरला असं लिहितात? पेशंटने वाचलं तर तोंड उघडेल का माझ्यापुढे?"

पाठोपाठ गाण्याच्या बाई. "आमच्या सुनेने घरभर मोठ्याने वाचून दाखवलं! म्हणते, सासूबाई, दोन दिवस आंघोळ करू नका हं, बरं नाही ते!" एवढं बोलून त्यांनी डॉक्टरांकडे बघितलं. "तुम्हाला काय आलं? बघू? बटणतोड्या! अगं बाई!" आणि त्या अशा खो खो हसल्या, की डॉक्टरही ओशाळून हसायला लागले.

मग बँकेतले साहेब आले. हे मात्र खरंच दुखावलेले दिसले. त्यांनी फोन काउंटरवर ठेवला. "मावशी, 'आपला लाडका चार शर्ट'? एवढंच? यांना नावं, त्यांना नावं, आणि मला नुसता आकडा? दिवसभर बँकेत आकडेच बघतो हो मी. इथेही तेच?"

"अहो, तुमच्या शर्टाला डाग नाही, चुणी नाही, बटण तुटलेलं नाही," आई कळवळून म्हणाली. "चार पांढरे शर्ट येतात, चार जातात. मी तरी काय करू?"

"उद्या पाडून आणतो डाग," साहेब म्हणाले. मग त्यांनी जरा खाजगीत विचारलं, "संदेशाच्या खाली 'माहितीत चूक असल्यास दुरुस्ती सुचवा' असं आहे. मी 'रुबाबदार' सुचवलंय. तुमच्याकडे आलं का?" मेहुण्याने घाबरत घाबरत वायर पुन्हा जोडली.

टॅबलेटवर टुणकन आवाज झाला. आलं होतं. गुरांच्या डॉक्टरने बिचाऱ्याने कुत्र्यामांजरांची नावं चुकू नयेत म्हणून ती सोय ठेवली होती. पुन्हा टुणकन झालं. गाण्याच्या बाईंनी 'सांडासांड' काढून 'सूरमयी' सुचवलं होतं. डॉक्टर कोपऱ्यात उभे राहून मान खाली घालून काहीतरी टाईप करत होते.

दुकानात आता पाय ठेवायला जागा उरली नव्हती. नेमका त्याच वेळी, बगलेत कराराचे कागद आणि हातात फोन घेऊन, जागामालक दारात उभा राहिला.

"वा!" तो म्हणाला. "गर्दी चांगली आहे की! आणि हे काय, टॅबलेट? अरे वा, सुधारलात!"

लाँड्रीवाल्याला क्षणभर वाटलं, संदेश पोचलाच नाही. त्याने मनातल्या मनात फोन कंपनीला नमस्कार केला.

"अहो, मला सकाळी तुमचं काहीतरी आलंय," जागामालक पुढे म्हणाला, "पण मी चष्मा घरी विसरलो. जरा वाचता का कुणी?"

"नको!" लाँड्रीवाला ओरडला. "म्हणजे, काही विशेष नाही ते! मी सांगतो ना तुम्हाला!"

पण गाण्याच्या बाईंनी फोन घेतलाही होता. आवाज कमावलेला. शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं अशी जन्माची सवय. "'प्रिय पालक, आपला लाडका फुकट्या...'" इथे त्या थांबल्या, पण तोपर्यंत समोरच्या केकवाल्यानेही काचेआडून मान वर केली होती.

"फुकट्या कोण?" जागामालकाने विचारलं.

लाँड्रीवाल्याने बायकोकडे बघितलं, बायकोने भावाकडे, भावाने टॅबलेटकडे. टॅबलेटला कॅमेरा होता, पण त्यालाही काही दिसत नव्हतं.

"तुम्ही," आई म्हणाली.

"आई!"

"विचारलं तर सांगायला नको?" ती जागामालकाकडे वळली. "हे बघा, आमच्याकडे कपड्यांवरून नाव पडतं. यांची बटणं तुटतात, या चहा सांडतात. तुमच्या कपड्यांना डाग नाही, बटणं जागच्या जागी. फक्त पैसे तेवढे नसतात. मग दुसरी खूण कुठून आणू?"

जागामालकाचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग कानापर्यंत लाल झाला. त्याने कराराच्या कागदांची घडी घातली. मग त्या घडीची आणखी एक घडी घातली. लाँड्रीवाला ती प्रत्येक घडी मोजत होता. त्याला मोबाइलची रंगीबेरंगी कव्हरं डोळ्यांपुढे दिसायला लागली, इस्त्रीच्या टेबलाच्या जागी, आईच्या स्टुलाच्या जागी.

"साहेब, चुकलं," तो हात जोडून म्हणाला. "म्हातारं माणूस आहे. माझ्या बापाचं दुकान आहे हो हे."

"अहो, पण दुरुस्ती सुचवता येते!" बँकेतले साहेब एकदम म्हणाले. "खाली आहे बघा. मी केली. डॉक्टरांनीही केली."

"मी नाही केली," डॉक्टर म्हणाले. टॅबलेटवर टुणकन आवाज झाला.

जागामालक थबकला. "सुचवलं की नाव बदलतं?"

"बदलतं की!" मेहुण्याला कंठ फुटला. "फक्त दुसऱ्या कुणीतरी ते मंजूर करावं लागतं. आपलंच आपण मंजूर करायचं नाही. हे तर मुक्त सॉफ्टवेअरचं—"

"तू गप रे," बहीण म्हणाली.

जागामालकाने डॉक्टरांचा चष्मा मागून घेतला. फोन नाकाशी धरून, एकेक अक्षर शोधत, बराच वेळ काहीतरी लिहिलं. टुणकन. आईने टॅबलेट पुढे ओढून वाचलं.

"दिलदार," ती म्हणाली. मग तिने मान वर केली. "कशावरून?"

प्रश्न अगदी साधा होता. ती प्रत्येक खुणेला हाच प्रश्न विचारायची. पण दुकानातली सगळी माणसं आता जागामालकाकडे बघत होती, आणि त्याला तर कशावरून ते सांगता येईना. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, हवामानावर बोलावं का असाही विचार केला असावा. शेवटी त्याने कराराची घडी उलगडली, मग आतली घडी उलगडली, कागद काउंटरवर हाताने सरळ केले आणि सही ठोकली.

"यावरून," तो म्हणाला. "भाडंही तेच."

आईने त्या कागदांवरून एकदा इस्त्री फिरवायला सांगितली, घड्या मोडायला. मग बोट नीट पुसलं. "सरळ दाबा हं आई, सरळ!" सून कळवळून म्हणाली. आईने सरळ दाबलं, आणि 'दिलदार' मंजूर झालं. दुकानात टाळ्या पडल्या. लाँड्रीवाला मागे जाऊन कोरड्या शर्टांच्या ढिगात तोंड घालून दोन मिनिटं उभा राहिला.

जागामालकाचा फोन वाजला. डॉक्टरांचा चष्मा अजून त्याच्याच नाकावर होता, त्यामुळे या वेळी त्याने स्वतःच वाचलं. "'आपला लाडका दिलदार, पूर्वीचे नाव फुकट्या...' हे काय? पूर्वीचं कशाला?"

"नाव बदललं की जुनं नावही सोबत कळवतो तो," मेहुणा म्हणाला. "गुरांच्या दवाखान्यात लागतं ते. नाहीतर लोक जनावराचं नाव बदलून पुन्हा फुकट लस टोचून नेतील."

"मग पुसून टाका ते."

"पुसता येत नाही. यात झालेलं काहीही पुसत नाहीत. फक्त नवी नोंद वर येते आणि जुनी खाली जाते. तुम्ही कपडे टाकलेत, पैसे दिलेत, की एक नोंद होईल. अशा पुष्कळ झाल्या की ते जाईल मागच्या पानावर. मग कोण बघतंय!"

जागामालकाने यावर थोडा विचार केला आणि तो निघून गेला.

सोमवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी तो पायरीवर उभा होता. त्याने एक रुमाल काउंटरवर ठेवला, इस्त्रीचे पैसे ठेवले आणि म्हणाला, "नोंद करा." दुसऱ्या दिवशी पुन्हा एक रुमाल. तिसऱ्या दिवशी पुन्हा. गाठोडं एकदम आणलं तर एकच नोंद होते, हे त्याच्या लक्षात आलं होतं. हिशेबात तो कधीच कच्चा नव्हता.

"कुठवर गेला?" तो रोज विचारायचा.

"सरकलाय," आई म्हणायची. "अजून दिसतो पण."

असे कितीतरी दिवस गेले. कॅमेरा चालवणारा प्रोग्रॅम अजून कुणी लिहिला नव्हता. बँकेतले साहेब एकदा शर्टावर शाईचा थेंब पाडून आले, आणि तो दाखवताना त्यांचा चेहरा नव्या नवऱ्यासारखा झाला होता. शेवटी एका सकाळी आईने पान सरकवलं आणि जाहीर केलं, "गेला! फुकट्या गेला मागच्या पानावर!"

जागामालकाने एवढा मोठा श्वास सोडला, की चिंध्या उडाल्या. त्याने लाँड्रीवाल्याशी हात मिळवला. लाँड्रीवाल्याच्या बायकोने त्याला चहा दिला. आईलाही माणसाचं फार कौतुक वाटलं. रोज येतो, रोख देतो, कुरकुर नाही.

"आता ते 'दिलदार' तुम्हाला शोभत नाही," ती म्हणाली. "ते तुम्ही सहीच्या भरात लिहिलंत. माझ्या मनातली खूण मी लिहिते." आणि तिने मोठ्या मायेने 'रोजचा रुमाल' असं लिहिलं, बोट पुसलं आणि सुनेने शिकवल्याप्रमाणे अगदी सरळ दाबलं.

"अहो आई, थांबा!" सून ओरडली.

जागामालकाच्या खिशात फोन वाजला. आता तो चष्मा न चुकता आणायचा. त्याने तो डोळ्यांवर चढवला आणि वाचलं.

"'आपला लाडका रोजचा रुमाल. पूर्वीची नावे, दिलदार, फुकट्या.'"

जागामालकाने फोन खिशात ठेवला. दुसऱ्या खिशातून रुमाल काढला, कपाळावरचा घाम पुसला आणि तोच रुमाल काउंटरवर ठेवला.

"नोंद करा," तो म्हणाला.